साच्यांचं कपाट

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर
एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचे दात घडवते.
मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या.
डॉक्टर ल्यू इथलेच, बडोद्यात जन्मलेले,
गुजराती गुजरात्यांहून चोख, मराठीत फक्त 'ळ' अडतो.
तरी पेशंट जिन्यातूनच ओरडतात, "चिनी दाक्तर छे के?"
"छे," ते म्हणतात, आणि हात धुवायला जातात.

दुपारी सेव-उसळीचा वाडगा पुसून झाला
की त्यांना बोलावंसं वाटतं.
आजोबांनी बोटीतून आणलेलं, वडिलांनी जपलेलं
एकेक बाहेर काढतात.
कन्फ्यूशियस म्हणून एक मास्तर होता,
गावोगाव नोकरी मागत हिंडलेला.
देवांविषयी फारसं बोलत नसे.
माणसानं माणसासमोर कसं उभं राहावं,
कुठं वाकावं, म्हाताऱ्या बापाला
ताट कुठल्या चेहऱ्यानं वाढावं, त्याला याची काळजी.
औषधाच्या चिठ्ठीमागं ते एक अक्षर काढतात:
एक माणूस, शेजारी दोन रेघा.
"ही माणुसकी. एकट्याला जमत नाही. दोघं लागतात."

मी म्हणते, आमच्याकडे आधी तो एकटा तरी आहे का
हेच तपासतात.
केस, रोम, नखं, दात, कातडी,
एकेक बाजूला ठेवत जायचं
आणि विचारायचं, यातला मी कुठला?
"दात तर तूच करतेस."
म्हणून तर मला लवकर कळलं, साहेब.

मग ते नाती मोजतात, बोटांवर, पाच:
राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको,
थोरला-धाकटा, मित्र-मित्र.
मी त्यांची चार बोटं मिटवली.
"ह्या चारांत कुणीतरी वर आहे.
तो जिना आम्ही पाहिलाय, खालच्या पायरीवरून.
ही करंगळी तेवढी राहू द्या."
बराच वेळ ते करंगळीकडे बघत बसले.
"थोरल्यानंही थोरल्यासारखं वागायचं, ही अट आहे त्यात."
असेल, म्हटलं. आम्हाला भेटले ते अट न वाचलेले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, सगळ्यात आधी नावं बरोबर हवीत.
बरणीवर चिठ्ठी चुकली की औषध चुकतं.
हे मला पटलं.
माझे बाबा सोनबा. मिलच्या मस्टरवर सोन्या. तीस वर्षं.
आजोबा छप्पन साली नागपूरहून परतले
ते जात तिथंच टाकून,
मस्टरपर्यंत बातमी पोचायची राहिली.
यांचे वडील बासष्ट साली
दर सोमवारी चौकीत सही करायला जात.
रजिस्टरात नावाचे तीन प्रकार, तिन्ही चुकीचे,
ते तिन्हींना "जी" म्हणत.

एप्रिल लागला की ते वडिलांचं थडगं झाडायला जातात.
यंदा गुडघा धरला होता, केरसुणी मी घेतली.
त्यांनी संत्री ठेवली, तीनदा वाकले.
"तुझ्या बाबांना तू काय ठेवतेस?"
काही नाही. श्राद्ध नाही, पिंड नाही,
तशी प्रतिज्ञाच आहे आमची.
गेलेला माणूस कुठं ताटावर बसलेला नसतो.
ठसा पुढं जातो, मेण नाही.
त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, कळलं नाही.
मग एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.
आंबट होतं.

कपाटात खालच्या फळीवर बाबांचा साचा आहे.
कवळी मीच केली होती, अकरा दिवस वापरली त्यांनी.
दात राहिले, बाबा नाहीत.
जे जे जोडलेलं ते ते सुटतं,
रविवारी विहारात मी मुलांना हेच शिकवते, खडूनं फळ्यावर.
शनिवारी साचा पुसते.
हे श्राद्ध नाही. धूळ होती.

परवा बघितलं तर तळाशी, मी घाईत
मिलच्या कार्डावरून उतरवलेलं "सोन्या" खोडलेलं,
खाली पेन्सिलनं, गुजराती वळणाचं: सोनबा.
'न' जरा वाकडा.

जिन्यात पावलं. "चिनी दाक्तर छे के?"
डॉक्टर ल्यू आहेत, मी म्हटलं.
चपला बाहेर काढा. या.